तास भरल्यावरची बादली

आमच्या महाविद्यालयाच्या वाचनालयाबाहेर पिण्याचे पाणी शुद्ध करणारे एक यंत्र बसवलेले आहे. अशा यंत्राविषयी एक गोष्ट पाणी पिणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. एक पेला शुद्ध पाणी तयार होताना निदान तेवढेच पाणी दुसऱ्या नळीने बाहेर टाकले जाते. ते घाण नसते, फक्त अधिक क्षारयुक्त असते. पिण्यासाठी ते चालत नाही. झाडांना मात्र बेताबेताने चालते. ती नळी बहुतेक ठिकाणी नालीत सोडलेली असते आणि यंत्र चालू असेपर्यंत तिच्यातून बोटभर धार वाहत राहते.

हे मला प्राध्यापक काझी यांनी सांगितले. खरे तर सांगितले नाही. एका दुपारी त्यांनी नळीखाली रिकामी बादली ठेवली, मला शेजारी उभे केले आणि मनगटावरचे घड्याळ पाहत राहिले. बादली भरल्यावर म्हणाले, "तेवीस मिनिटं. तुम्ही गणिताच्या, मॅडम. दिवसाच्या किती झाल्या, सांगा." मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली आणि बादली उचलून ते वाचनालयाच्या मागे निघून गेले.

काझी सर वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि महाविद्यालयाचे सेवा पथक सांभाळीत. शिक्षककक्षात त्यांचे टेबल माझ्या टेबलासमोर होते, सलग अकरा वर्षे. बांधा किरकोळ, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूस, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी एक छोटा स्क्रूड्रायव्हर. कळंबला त्यांच्या वडिलांचे सायकलदुरुस्तीचे दुकान होते. पुढे तिथेच मोटरसायकली दुरुस्त होऊ लागल्या. त्या दुकानातला एक पत्र्याचा डबा सरांच्या टेबलावर असे. त्यात जुने बोल्ट, वायसर, स्प्रिंगा, तुटलेल्या कुलपाची किल्ली असला ऐवज भरलेला होता. डब्यावर खिळ्याने कोरले होते : उद्या. सर सांगत, "आमच्या दुकानात कचरा असा नव्हताच. ज्याचं आज काम नाई, ते आब्बा या डब्यात टाकत. म्हणत, हे उद्याचं हाय." शिक्षककक्षातील पंखा, तीन खुर्च्या आणि माझ्या चष्म्याची दांडी त्या डब्यातील वस्तूंनी दुरुस्त झालेली आहे.

त्यांचे पर्यावरणप्रेम पुस्तकातून आलेले नव्हते, हे इथे नमूद केले पाहिजे. 'वसुंधरा' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. वस्तू वाया गेली की त्यांना आत कुठेतरी दुखत असे, कारागिराच्या घरातल्या माणसाला दुखते तसे. त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. विद्यार्थ्याने वर्गाच्या खिडकीतून संपलेले रिफिल भिरकावले की ते शांतपणे विचारीत, "फेकलं म्हणजे कुठी फेकलं?" विद्यार्थी बावचळून म्हणे, बाहेर. "बाहेर म्हणजे कुठी?" 

एकदा त्यांनी या प्रश्नाचे उत्तर शोधायला अख्खा वर्ग बाहेर काढला. नगरपालिकेच्या घंटागाडीमागे पस्तीस मुले-मुली दुचाकींवर आणि सर आपल्या जुन्या स्कूटरवर, अशी वरात गावाबाहेरच्या कचरा डेपोपर्यंत गेली. तिथे धुराने डोळे चुरचुरत असताना त्यांनी सर्वांना एकच काम दिले : आपल्या ओळखीची एक वस्तू शोधा. अर्ध्या तासात एका मुलाने ढिगातून दहा फूट लांबीचे फ्लेक्स ओढून काढले. पथकाच्या मागच्या वर्षीच्या जनजागृती फेरीचे होते ते. त्यावर 'प्लास्टिकमुक्त परिसर' असे लिहिलेले होते आणि कोपऱ्यात खुद्द काझी सरांचा हसरा फोटो होता.

सरांनी फ्लेक्स पाहिले, फोटो पाहिला आणि म्हणाले, "सापडलो."

ते फ्लेक्स त्यांनी घरी नेले, धुतले, कापून त्याची बसकणे शिवली. पुढे पथकाच्या प्रत्येक कामावर ती बसकणे येत. ज्यावर आपला फोटो होता ते सर स्वतःकडे ठेवीत. चहाच्या वेळी ते अंथरून म्हणत, "सोताच्या तोंडावर बसाले मिळते, असं नशीब किती लोकायचं असते?"

त्या दिवसापासून पथकाची फेरी सहसा निघाली नाही. निघाली तरी सर तिचे तास देत नसत. याचा अर्थ थोडा स्पष्ट करते. पथकातील विद्यार्थ्याने वर्षाचे ठरावीक तास समाजकार्य केले की त्याला काही वाढीव गुण मिळतात. तासांची नोंद एका छोट्या वहीत असते आणि प्रत्येक नोंदीखाली प्रभारी प्राध्यापकाची सही लागते. वर्षअखेरीस वह्यांचा गठ्ठा समोर ठेवून एका बैठकीत सह्या उरकण्याची पद्धत आहे. ती सर्वांच्या सोयीची आहे. काझी सर मात्र कामाच्या जागी, काम संपल्यावर, मनगट उलटे करून वेळ पाहत आणि जितके काम तितकेच लिहीत. बाभुळगावची एस.टी. उशिरा आली म्हणून वीस मिनिटे मागाहून पोहोचलेल्या मुलीच्या वहीत 'तीन तास चाळीस मिनिटे' असे लिहिलेले मी पाहिले आहे. घोषणा दिल्याचे तास नाहीत, फोटो काढल्याचे नाहीत, पाहुण्यांची वाट पाहिल्याचेही नाहीत. एका वजनदार पालकाने मुलाच्या वहीवर सरसकट सह्या मागितल्या. सरांनी त्यांना चहा पाजला आणि कोरी वही अत्यंत आदराने परत केली. "पोट्ट्याले पाठवा, साहेब. मी घड्याळ घेऊन उभाच हाय."

पण या काटेकोर माणसाला त्या तासांवर मुळीच विश्वास नव्हता. एकदा वह्या तपासताना ते म्हणाले, "मॅडम, मले निवृत्तीपर्यंत एकच पाह्यचं हाय. तास भरल्यावर बादली कोण उचलते." आणि हातातली वही मिटून, "एक जण पुरे."

बादली कुठे न्यायची, ते आता सांगते. वाचनालयाच्या मागे, कुंपणाच्या भिंतीपर्यंत, मुरमाड जमिनीचा एक पट्टा होता. बांधकामाचा राडारोडा टाकून टाकून तो निकामी झालेला. सरांनी तिथे एकही झाड लावले नाही. त्यांनी फक्त तीन गोष्टी बंद केल्या : चराई, आग आणि कुऱ्हाड. दोन वर्षांत पक्ष्यांनी आणि वाऱ्याने आपले काम केले. पळस आले, आपटा आला, बेल आला, तेंदू आला. एका कोपऱ्यात चारोळीचे एक रोप आले, तेव्हा सर मला मुद्दाम बोलावून घेऊन गेले. मुले उन्हाळ्यात पाळीने बादल्या नेत. रोपांमधून जाण्याची एक वाट तयार झाली होती. ती सरळ नव्हती. एका पळसाला डावीकडून वळसा, पुढे आपट्याच्या जोडीला उजवीकडून, चारोळीपाशी एक लांब ढांग. भरलेली बादली घेऊन सर ती वाट न पाहता चालत. पाचव्या वर्षी तिथे एकेचाळीस रोपे होती.

त्यातील एकाही रोपाला संरक्षक जाळी नव्हती, की नावाची पाटी नव्हती. महाविद्यालयाच्या दर्शनी भागात मान्यवरांच्या हस्ते लावलेल्या झाडांना दोन्ही होते. मी एकदा सुचवले की आपणही पाट्या लावाव्यात. सरांनी नकार दिला. "पाटी लावली की फोटो होते. फोटो झाला की पाणी बंद होते. तीस वर्षं पाहून राह्यलो मी." हे निरीक्षण अचूक होते. ते कसे उलटणार आहे, हे तेव्हा आम्हा दोघांनाही दिसले नाही.

त्यांच्या सेवेच्या शेवटच्या वर्षी पथकात पायल राठोड नावाची मुलगी आली. बाभुळगावच्या पुढच्या एका तांड्यावरून ती रोज एस.टी.ने येई. बोलणे कमी. हिवाळ्यातच तिचे तास पूर्ण झाले. सरांनी शेवटची सही केली आणि नेहमीप्रमाणे सांगितले की आता येण्याची आवश्यकता नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी वाचनालयाच्या खिडकीपाशी वाचत बसले होते. पायल नळीखालची बादली उचलून मागच्या बाजूला गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. सर शिक्षककक्षात येऊन आपल्या खुर्चीत बसले आणि बराच वेळ 'उद्या'च्या डब्यातले वायसर बोटांनी चाळत राहिले. ते एवढेच म्हणाले, "पाह्यलं का?"

मी म्हटले, पाहिले.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत मी त्यांना जितके आनंदी पाहिले तितके पुढे पाहिले नाही.

मार्चमध्ये मूल्यांकन समिती येणार होती. अशा समितीपुढे महाविद्यालयाची प्रत्येक गोष्ट कागदावर आणि छायाचित्रात असावी लागते. छायाचित्रावर ठिकाण आणि वेळ आपोआप उमटणारे ॲप असते, ते सर्वांनी मोबाइलमध्ये घ्यावे असे परिपत्रक निघाले होते. परिसर स्वच्छतेची विभागणी करण्याचे काम माझ्याकडे आले. मी ते पद्धतशीरपणे केले. इमारतीचा मूळ आराखडा कार्यालयातून मागवला, परिसराचे चौदा भाग पाडले, प्रत्येक भागापुढे काम आणि गटप्रमुखाचे नाव लिहिले. नवव्या भागासाठी आराखड्यात जे शब्द होते ते मी जसेच्या तसे उतरवले : 'वाचनालयामागील रिकामी जागा'. आणि पुढे काम लिहिले : 'वाळलेला झाडोरा काढणे, पालापाचोळा जाळणे.'

ती जागा रिकामी नाही हे मला ठाऊक होते. खिडकीतून मी ती पाच वर्षे पाहत होते. पण कागदावर लिहिताना मी कागद पाहत होते. याहून अधिक स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही.

काझी सर त्या दिवशी परीक्षेच्या कामासाठी अमरावतीला गेले होते. हेही सांगितले पाहिजे की मार्चमध्ये आपल्याकडच्या रानातली बरीच झाडे निष्पर्ण असतात. पाने झडलेले पळसाचे किंवा तेंदूचे हातभर रोप अनोळखी माणसाला वाळलेली काडीच वाटते. नवव्या गटात पथकातली अकरा मुले होती आणि त्यांत पायल होती; तिच्याखेरीज कोणाची बादलीची पाळी अजून आलेली नव्हती. सकाळी आठ ते बारा त्यांनी मन लावून काम केले. एकेचाळीस रोपे जमिनीलगत कापली, पाल्याबरोबर पेटवली, राख भरून नेली, जागा झाडून काढली. मग गटप्रमुखाने कामापूर्वीचे आणि कामानंतरचे छायाचित्र शेजारी शेजारी ठेवून सरांना पाठवले. खाली लिहिले होते : 'सर, एकदम क्लीन.'

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले ते थेट मागे गेले. मुले वह्या घेऊन तिथेच हजर होती, कारण सही कामाच्या जागी होते हा त्यांचाच नियम होता. मी शिक्षककक्षातून धावत गेले. सर उभे होते. जमीन काळी आणि स्वच्छ होती. गटप्रमुखाने आनंदाने वही पुढे केली. सर पट्ट्याकडे पाहत होते. मग त्यांनी खिशातून पेन काढले.

"किती वाजता सुरू केलं?"

"आठ वाजता, सर."

"संपलं?"

"बारा."

त्यांनी लिहिले : चार तास. सही केली. एकामागून एक दहा वह्यांवर त्यांनी तेच लिहिले. अक्षर नेहमीसारखे होते. शेवटी पायल उरली. तिने वही मागे धरली होती.

"माही नका करू, सर."

"काहून?"

"मी सांगतलं होतं त्यायले, झाडं हायेत म्हणून. तं त्यायनं कागद दाखवला. मॅडमच्या कागदावर रिकामी जागा लिहून होतं." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "मंग मले वाटलं, तुम्हीच सांगतलं असंन. मीबी कापले, सर. माह्या हातानं सहा."

सरांनी हात पुढे केला आणि वही मागितली. "चार तास काम केलं का नाई तू?"

"केलं."

"मंग झालं तं."

त्यांनी सही केली. तिने वही घेतली आणि ती फाटकाकडे चालू लागली. त्या दिवसानंतर ती बादलीपाशी आली नाही.

मुले गेल्यावर सरांनी माझ्याकडे नवव्या भागाचा कागद मागितला. मी दिला. त्यांनी तो पूर्ण वाचला, पुन्हा तशीच घडी घालून परत केला. "अक्षर सुंदर हाय तुमचं, मॅडम. सगळ्यायले नीट वाचता आलं."

त्या वाक्यात राग होता की नव्हता, याचा निर्णय मी अजून करू शकलेले नाही.

पळस, तेंदू, आपटा यांचा एक गुण असा की वरचे खोड गेले तरी ती मुळातून पुन्हा फुटतात. सर दुसऱ्याच दिवसापासून एकटे बादली नेऊ लागले. बादल्या आधीच भरून ठेवलेल्या असत; वीस मिनिटांच्या मधल्या सुट्टीत दोन खेपा, महाविद्यालय सुटल्यावर चार. मे महिन्यात एकोणीस ठिकाणी तांबूस कोंब दिसले. त्यांनी मला खिडकीखालून खूण करून बोलावले, पण चेहऱ्यावर ते जुने हसू नव्हते. मी म्हटले, सर, आली की परत. ते म्हणाले, "झाडं येतेच, मॅडम. झाडायचं मी कधी विचारलं होतं?"

त्यांनी विचारले होते ते माणसांचे.

जूनमध्ये समितीचा अहवाल आला. त्यात इतर सूचनांबरोबर विद्यार्थ्यांच्या वाहनतळाची सोय वाढवावी अशी सूचना होती. वाचनालयामागील रिकाम्या जागेवर पेव्हर ब्लॉक बसवण्याचे ठरले. सरांनी व्यवस्थापनाला दोन पानांचा अर्ज दिला. एकोणीस कोंब, त्यांची नावे, त्यांच्या जागा. आठ दिवसांत अर्जावर शेरा आला की सदर ठिकाणी वृक्ष असल्याची नोंद वृक्षगणनेत आढळत नाही. वृक्षगणनेचा तक्ता माझ्याच फाइलमध्ये होता. त्यात पाटी असलेली झाडे मोजलेली होती. मी दुरुस्तीचे पत्र दिले. फाइल समितीकडे सादर झालेली असल्याने तिच्यात आता बदल करता येत नाही, असे मला सौजन्याने कळवण्यात आले.

जुलैअखेर ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांना प्लास्टिकच्या वेष्टनातला पुष्पगुच्छ देण्यात आला आणि दर्शनी भागात त्यांच्या हस्ते सप्तपर्णीचे एक झाड लावण्यात आले. जाळी होती, पाटी होती, फोटो झाला. भाषणात ते चारच वाक्ये बोलले आणि चौघा शिपायांची नावे घेऊन त्यांचे आभार मानले. जाताना 'उद्या'चा डबा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. मी म्हटले, हा तर तुमच्या आब्बांचा. ते म्हणाले, "घरी आता दुरुस्त कराले काई उरलं नाई."

डबा माझ्याकडे आहे. त्यातले मी काही वापरलेले नाही. त्यात काही टाकलेलेही नाही.

पायल मला पुढे एकदा यवतमाळच्या बसस्थानकावर भेटली. एका पतसंस्थेत ती कामाला लागली होती. मी तिची क्षमा मागितली; कागद माझा होता, हे मी तिला स्पष्ट शब्दांत सांगितले. ती ऐकत होती. मग म्हणाली, "सर ओरडले असते तं बरं झालं असतं, मॅडम. एक थापड मारली असती तरी चाललं असतं. मंग मी दुसऱ्या दिवशी आली असती."

गाडी लागली तशी ती गेली. हे मी सरांना सांगितले नाही.

सरांना मी शेवटचे पाहिले ते डिसेंबरात. निवृत्तिवेतनाच्या कुठल्याशा कागदावर सही राहिली होती म्हणून ते कार्यालयात आले होते. हिवाळी परीक्षा संपलेल्या, त्यामुळे मागचा नवा वाहनतळ रिकामा होता. लाल आणि करड्या ठोकळ्यांची सपाट, स्वच्छ फरशी. मी वाचनालयाच्या खिडकीपाशी होते. खाली यंत्राच्या नळीतून पाणी नालीत पडत होते. सर तिथे आले, थांबले, मनगट उलटे करून घड्याळ पाहिले. मग मागच्या फाटकाकडे निघाले. कोपऱ्यावरून फाटकापर्यंत सरळ रेषेत साठ पावले होतील.

ते सरळ गेले नाहीत. दहा-बारा पावलांवर डावीकडे वळसा घेतला. पुढे उजवीकडे. पाय रोजच्यासारखे बेताने पडत होते आणि उजवा हात शरीरापासून जरा दूर, काहीतरी सांडू नये असा धरलेला होता. वाहनतळाच्या कठड्यावर दोन मुले मोबाइल पाहत बसली होती. त्यांतल्या एकाने मान वर करून त्या मोकळ्या जागेतून वेडेवाकडे चालणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहिले आणि दुसऱ्याला कोपराने खुणावले. सरांचे लक्ष नव्हते. पलीकडच्या कोपऱ्यात, जिथे चारोळी होती, तिथे त्यांनी एक लांब ढांग टाकली आणि ते फाटकाबाहेर गेले.